आधी बसून हिशेब करणारा



लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू दोन माणसांची उदाहरणे देतो. एकाला बुरूज बांधायचा आहे. तो आधी बसतो आणि काम पुरे करण्याइतके आपल्यापाशी आहे का, याचा हिशेब करतो. दुसरा राजा आहे. वीस हजारांची फौज घेऊन येणाऱ्या शत्रूला आपण दहा हजारांनिशी तोंड देऊ शकू का, याचा तोही आधी बसून विचार करतो. प्रभू येथे शिष्यत्वाच्या किमतीविषयी बोलत आहे, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना दरवर्षी सांगतो. पण गेल्या दोन वर्षांत हा उतारा आम्हाला वेगळ्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा आठवला. स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरी, जिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "ऑपरेशन कधी?"

आम्ही पाच जण दर रविवारी मिस्सा संपल्यावर आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. या काळात आमच्या बेळगावच्या धर्मग्रामात दोन घरांत हा आजार आला. दोन्ही घरांनी लिहायला परवानगी दिली आहे, तरी नावे देत नाही. एक काका, उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून निवृत्त झालेले. दुसऱ्या ताई, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी पडलेली हातभर नव्हे, वीतभर लांबीची ग्रंथी. अन्न पचवणारा रस आणि इन्सुलिन तीच तयार करते. तिची जागाच मोठी अडचणीची आहे. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरा तिच्या मागून जातात. आतड्यांना रक्त पुरवणारी मुख्य धमनी तिथेच आहे, आणि यकृत, जठर, प्लीहा यांना रक्त देणारी धमनी थोडी वर. गाठ लहान असली तरी ती या वाहिन्यांना चिकटली आहे का, यावर पुढचे सगळे ठरते. म्हणून निदान होते तेव्हा शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस जणांचीच गाठ लगेच काढण्यासारखी असते. बाकीच्यांत आजार एक तर दूर पसरलेला असतो, नाही तर या वाहिन्यांना धरून बसलेला असतो.

काकांचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, लघवी गडद होऊ लागली. घरच्यांना वाटले साधी कावीळ. पण पोट दुखत नव्हते आणि वजन उतरत होते, तेव्हा इथल्याच एका डॉक्टरांना शंका आली. त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. पित्तनलिकेत नळी बसवण्याआधी त्यांनी स्वादुपिंडासाठीचा खास सीटी स्कॅन करून घेतला. यात शिरेतून औषध सोडून बारीक बारीक कापांची छायाचित्रे दोनदा घेतात, एकदा धमन्या उजळल्यावर आणि एकदा शिरा उजळल्यावर. नळी आधी बसवली तर आजूबाजूला सूज येते आणि गाठ कुठे संपते, सूज कुठे सुरू होते, हे ओळखणे कठीण होते. ताप आला असेल किंवा कावीळ फार वाढली असेल तर थांबता येत नाही, पण शक्य तिथे स्कॅन आधी.

तो स्कॅन घेऊन काका मुंबईच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात गेले. सर्जननी कागदावर एक गोल काढला आणि म्हणाले, "ही धमनी समजा. गाठ हिला अजिबात लागलेली नसेल, तर काढायला सोपी. अर्ध्या घेरापर्यंत, म्हणजे १८० अंशांपर्यंत लागली असेल, तर काठावरची. त्याहून जास्त वेढा असेल, तर आज हात लावायचा नाही." शिरेचा नियम थोडा सैल आहे. शीर वाकडी-अरुंद झाली असेल किंवा अर्ध्याहून अधिक वेढली गेली असेल, तरी वर आणि खाली जोडायला निरोगी भाग शिल्लक असेल तर ती गाठही काठावरचीच मानतात. कारण शिरेचा तुकडा कापून दोन टोके जोडता येतात. धमनीचे तसे नाही. ती कापून जोडण्यात धोका खूप मोठा असतो, म्हणून ते सर्रास करत नाहीत.

काकांनी आयुष्यभर साचे आणि ओतकाम पाहिले होते. घरी आल्यावर त्यांनी स्टीलचा पेला हातात घेऊन आम्हाला समजावले, "शिरेला अर्ध्याहून जास्त धरलंय आणि धमनीला अर्ध्याहून कमी. म्हणजे जॉब रिजेक्ट नाही. पण आज मशीनवर चढवायचा पण नाही." आम्ही हसलो. काकी हसल्या नाहीत.

काकींना "काठावरची" हा शब्द ऐकून धक्का बसला होता. थोरला मुलगा म्हणत होता, आज काढता येत असेल तर आजच काढा, थांबलो तर वाढेल. जावई म्हणत होता, मोठे ऑपरेशन या वयात नकोच. एक नातेवाईक बाई पोट्याच्या रिट्रीटला न्यायला तयार होत्या, आणि त्यांचे म्हणणे होते की चाचण्यांवर चाचण्या करणे म्हणजे विश्वास कमी असणे. त्यांनी संत पेरेग्रीनचे चित्र आणून उशीखाली ठेवले होते.

संत पेरेग्रीन हे कॅन्सरच्या रुग्णांचे आश्रयदाते. चौदाव्या शतकात इटलीत होऊन गेलेले धर्मगुरू, १७२६ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या पायाला भयंकर जखम झाली होती आणि आदल्या रात्री क्रुसासमोर प्रार्थना करताना ती बरी झाली, असे परंपरा सांगते. आदल्या रात्री म्हणजे कशाच्या? दुसऱ्या दिवशी पाय कापायचे ठरले होते त्याच्या. वैद्याने पाय तपासला होता आणि संताने त्याला होकार दिला होता. प्रार्थना त्यांनी वैद्याला टाळून केली नाही. आम्ही त्या बाईंना एवढेच सांगितले आणि चित्र होते तिथेच राहू दिले.

बेनसिराच्या ग्रंथातला अडतिसावा अध्यायही आम्ही त्या संध्याकाळी काढून वाचला. तिथे वैद्याचा मान राखायला सांगितले आहे, औषधे परमेश्वरानेच मातीतून निर्माण केली असे म्हटले आहे, आणि आजाऱ्याने आधी प्रार्थना करून मग वैद्याला जागा द्यावी असाही उपदेश आहे. इतकेच नव्हे, तर वैद्यसुद्धा देवाकडे मागतात, हे त्यात आहे. आजार नीट ओळखला जावा, हीसुद्धा प्रार्थनेची गोष्ट आहे. आपण गाठ जाण्यासाठी नोव्हेना करतो, पण स्कॅन नीट वाचला जावा म्हणून किती जण करतो?

डॉक्टर नुसती गाठ मोजत नाहीत. जगभरातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली या काठावरच्या गाठींसाठी तीन बाजूंनी पाहायचे ठरवले. पहिली बाजू शरीररचनेची, म्हणजे वाहिन्यांना किती वेढा आहे. दुसरी आजाराच्या स्वभावाची. रक्तात सीए १९-९ नावाचा घटक मोजतात, तो ५०० च्या वर असेल तर गाठ दिसते त्यापेक्षा आजार पुढे गेलेला असण्याची भीती असते. मात्र कावीळ असताना हा आकडा उगाच वाढलेला दिसतो, म्हणून पित्त उतरल्यावर पुन्हा तपासतात. काही लोकांच्या रक्तात तो जन्मतःच तयार होत नाही, त्यांच्या बाबतीत त्याचा उपयोग नसतो. तिसरी बाजू माणसाची. तो चालतो-फिरतो का, जेवतो का, हृदय-फुप्फुसे साथ देतील का. गाठ काढण्यासारखी आहे आणि माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, तर हिशेब बदलतो.

हे ऐकल्यावर आम्हाला वाटले, "गाठ काढता येईल का?" आणि "काढून या माणसाचे भले होईल का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरातले लोक पहिला विचारतात. चांगला डॉक्टर दोन्ही विचारतो. काही पेशी स्कॅनमध्ये न दिसता आधीच निसटलेल्या असतात. तेव्हा आठ तासांचे ऑपरेशन करून महिन्याभरात यकृतावर डाग दिसले, तर रुग्णाच्या वाट्याला फक्त जखम येते.

म्हणून काकांना आधी केमोथेरपी सांगितली. त्यासाठी दुर्बिणीतून सुई घालून गाठीचा तुकडा तपासला गेला, कारण कॅन्सर सिद्ध झाल्याशिवाय ही औषधे देत नाहीत. पित्त वाहावे म्हणून धातूची नळी बसवली. दर पंधरा दिवसांनी, चार महिने, फोल्फिरिनॉक्स नावाचे चार औषधांचे मिश्रण. थोरल्या मुलाने आम्हाला थेट विचारले, "हा वेळ वाया नाही ना जाणार?" नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासाचे दीर्घकालीन निष्कर्ष २०२२ साली आले, ते डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. काढता येण्याजोग्या किंवा काठावरच्या गाठींच्या रुग्णांत आधी केमो व रेडिएशन घेतलेल्यांपैकी २०.५ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, आधी ऑपरेशन झालेल्यांपैकी ६.५ टक्के. औषधे काकांना मिळाली तीच नव्हती, पण वाट पाहण्यामागचा विचार तोच. हे आकडे ऐकून कोणी आनंदाने उडी मारणार नाही. तरी तीनपट फरक हा तीनपटच असतो.

ते चार महिने कठीण गेले. बोटांना मुंग्या, तोंडाला चव नाही, थंड पाणी हातावर घेतले तरी झिणझिण्या. आम्ही ख्रिस्तप्रसाद नेत असू, तेव्हा एखाद्या रविवारी काकांना कणभरच गिळता येई. वाट पाहणे हीसुद्धा उपचाराचीच पायरी आहे, हे कागदावर लिहायला सोपे आहे. काकी ती पायरी रोज रात्री दोन वाजता उठून चढत होत्या.

मग नवा स्कॅन झाला आणि घरात शोककळा पसरली. गाठ जवळजवळ तेवढीच. वाहिन्यांभोवतीचा वेढाही तसाच. थोरला मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला. पण सर्जनना तो स्कॅन पाहून बरे वाटले होते. त्यांनी फोनवर समजावले की औषधाने गाठ मेली तरी तिच्या जागी व्रण राहतो, आणि जिवंत गाठ व मेलेला व्रण स्कॅनमध्ये सारखेच दिसतात. वाढ नाही, कुठे पसरलेले नाही, सीए १९-९ खूप खाली आले आहे आणि काका स्वतः जिना चढून आले. या चार गोष्टी त्यांना चित्रापेक्षा महत्त्वाच्या होत्या. वरून दिसणाऱ्या व्रणावरून आत काय आहे ते कळत नाही, हे उठलेल्या प्रभूच्या जखमा पाहणाऱ्या थोमाच्या वारसांना तरी नवे वाटू नये.

ऑपरेशनच्या आदल्या शनिवारी फादरांनी काकांना रुग्णाभ्यंग दिला. अजूनही आपल्याकडे तेलाची कुपी दिसली की शेजारी रडायला लागतात. १९७२ साली चर्चने या संस्काराचा विधी नवा केला आणि तो केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, गंभीर आजारामुळे मोठी शस्त्रक्रिया होण्याआधीही घ्यावा, हे स्पष्ट केले. आजाऱ्याला बळ मिळावे म्हणून तो आहे.

या शस्त्रक्रियेला व्हिपल म्हणतात. न्यूयॉर्कचे सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली ती प्रसिद्ध केली, त्याही आधी बर्लिनजवळ वॉल्टर काउश यांनी १९०९ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली होती. स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा भाग काढून उरलेले सगळे पुन्हा जोडायचे. काकांच्या पोटात आधी दुर्बीण घालून यकृतावर आणि पोटाच्या पडद्यावर बारीक ठिपके नाहीत ना, ते पाहिले. नव्हते. मग शिरेचा छोटा तुकडा गाठीसकट काढून टोके जोडली. धमनीवरून व्रण सोलून निघाला. आज या गोष्टीला चौदा महिने झाले. काका प्रत्येक जेवणाबरोबर पाचक कॅप्सूल घेतात, तीन महिन्यांनी तपासायला जातात, आणि "बरा झालो" असे म्हणत नाहीत. "आजपर्यंत ठीक," म्हणतात.

आता ताईंविषयी.

ताईंची गाठ स्वादुपिंडाच्या मधल्या भागात होती, म्हणून कावीळ झाली नाही. पाठ दुखायची, ती कामाची दुखी समजली गेली. कळले तेव्हा दोन्ही धमन्यांना अर्ध्याहून जास्त वेढा होता. त्यांनाही केमो दिली, त्यांच्यासाठीही तेवढीच प्रार्थना झाली. तीन महिन्यांनी यकृतावर डाग दिसले. सर्जननी नाही म्हटले.

ताईंचा भाऊ फार चिडला. शेत विकतो, पण कुठे तरी काढून देणारा डॉक्टर शोधतो, असे म्हणू लागला. असा कोणी मिळतोही. पण अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की ही शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत १६ टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावले, नेहमी करणाऱ्या रुग्णालयांत ४ टक्क्यांहून कमी. आणि इथे तर आजार पसरलेला होता. शेवटी ताईंनीच डॉक्टरांना विचारले, "कापलं तर मी माझ्या घरात किती दिवस राहीन, आणि दवाखान्यात किती?" उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, "मग मला घरी राहू द्या."

हा हार मानणे नव्हे. बाराव्या पायसनी १९५७ साली डॉक्टरांसमोर बोलताना सांगितले होते की जीव जपण्यासाठी साधारण उपाय करणे आपले कर्तव्य आहे, मात्र अतिरेकी ओझे टाकणारे उपाय करायलाच हवेत असे नाही. चर्चची शिकवण आजही तीच आहे. लूकच्या त्या उताऱ्यातला राजाही, फौज पुरणार नाही असे दिसले तर दूत पाठवून तहाची बोलणी करतो. प्रभू त्याला भित्रा म्हणत नाही. ताईंच्या वेदनेसाठी मज्जातंतूंजवळ इंजेक्शन दिले गेले, मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यात त्या स्वतःच्या खाटेवर गेल्या. आदल्या दिवशी त्यांनी वसतिगृहाच्या मुलींसाठी लोणच्याची बरणी कुठे ठेवली आहे, ते सांगितले होते.

महिनामिसेनंतर त्यांचा भाऊ आम्हाला चर्चच्या पायऱ्यांवर भेटला आणि म्हणाला, "तुमच्या प्रार्थनेनं काकांचं झालं. माझ्या बहिणीचं का नाही?"

आमच्याकडे त्याला गप्प करणारे उत्तर नव्हते, आणि तसे उत्तर असू नये असेच आम्हाला वाटते. पण एक गोष्ट आम्ही दोन्ही घरांत पाहिली. दोघांनाही एकाच मापाने मोजले गेले, काळजीने, घाई न करता. काकांना मिळालेला होकार जितक्या विचाराने दिला होता, तितक्याच विचाराने ताईंना नकार मिळाला. सर्जनचा नकार हा देवाचा नकार नव्हे. ताईंना खरे सांगितले गेले, म्हणून त्यांचे उरलेले दिवस त्यांचे राहिले.

शिकागोचे आर्चबिशप कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांना १९९५ च्या जूनमध्ये हाच कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया झाली, ते कामाला लागले, इतर कॅन्सरच्या रुग्णांना भेटू लागले. पुढच्या वर्षी आजार यकृतात परतला आणि १४ नोव्हेंबर १९९६ रोजी ते गेले. आपल्या शेवटच्या पुस्तकात त्यांनी मित्रांना एक सल्ला दिला आहे. वेदना असताना प्रार्थना जमत नाही, म्हणून बरे असतानाच प्रार्थनेची सवय लावा. आम्ही आजाऱ्यांकडे जातो ते यासाठीच. त्यांना जमत नाही तेव्हा आम्ही म्हणतो.

तुमच्या घरी ही वेळ आली, तर चार प्रश्न वहीत लिहून न्या. गाठ शिरेला किती आणि धमनीला किती लागली आहे? हा स्कॅन सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि केमोचे डॉक्टर यांनी एकत्र बसून पाहिला आहे का? इथे वर्षाला अशी किती ऑपरेशने होतात? आणि आधी औषध दिले तर पुन्हा कधी, कशावरून ठरवणार? दुसरे मत घेण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. आणि रुग्णाला काय हवे आहे, ते त्यालाच विचारा, त्याच्या समोर.

ताईंच्या भावाकडे आम्ही अजून जातो. तो आत बोलावतो, चहा देतो. प्रार्थनेच्या वेळी अंगणात जाऊन उभा राहतो. आम्ही दार उघडेच ठेवतो.

प्रार्थना करू या:

हे प्रभू, तू आजाऱ्यांच्या अंगावर हात ठेवलास. जे डॉक्टर आज रात्री एखाद्याचा स्कॅन पाहत बसले आहेत, त्यांच्या डोळ्यांना स्पष्टता दे. होय म्हणताना त्यांना नम्रता दे, नाही म्हणताना दया दे. जे वाट पाहत आहेत त्यांना एकेका दिवसापुरते बळ दे. आणि ज्यांना तुझ्यावर राग आहे, त्यांच्या अंगणातही तू उभा राहा. आमेन.